रुख्मासाठी नवे शॉकप

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

रुख्मा, तुझी कंबर कशी आहे? पाठीशी उशी ठेवलीस का? धनू पोरी, तुझी सर्दी उतरली का? सुंठ घेत नाहीस, ते मला कळते. वैभव, पुण्याचं पाणी पोटाला मानवलं का अजून नाही? लहानू, तुझा दम कसा आहे? बिडी सुटली का? कुहीच्या शामलाबाई, मांडीचं दुखणं कमी आहे का, दोन घास जातात का? आणि गाडीबाई, अंगणात उभी राहून तूही कण्हतेस, तुझं काय? मी ठणठणीत आहे. चष्म्याचं भिंग घासलं गेलं आहे तेवढंच.

वही कशी सुरू करतात ते मला ठाऊक नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं लिहिणं नागपुरात तांडापेठेतल्या विणकरांची पत्रं लिहून शिकलो, म्हणून लेखणी धरली की आधी सगळ्यांची तब्येत विचारली जाते. ही वही सुनेनं, वैभवच्या बायकोनं, दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर चिडचिड करता ती इथं करा. घरात थोडी कमी होईल." धनू, म्हणजे धनश्री, बँकेत आहे, तोंडानं गोड आहे आणि सुई बरोबर जागेवर टोचते.

तर चिडचिड. शामलाबाई म्हणजे रुख्माची थोरली बहीण. आई लवकर गेली, रुख्माला तिनंच कडेवर वाढवलं. दिवाळीच्या आधी कुहीला मोरीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर आहे. डॉक्टरनं तिच्या मुलाला, अंकुशला, बाजूला घेऊन सांगितलं की आता उठणं कठीण. ती रोज त्याला एकच विचारते, "रुख्मी कधी येते?" इथून कुही चाळीस किलोमीटर. रुख्माच्या मणक्यात फट आहे, एसटीचे हादरे डॉक्टरांनी बंद केलेत. राहिली आपली गाडी. अकरा वर्षांची, पांढरी, बेइमान. गणपतीत उमरेडला जाऊन आलो आणि रुख्मा नऊ दिवस अंथरुणावर पडली. तेव्हापासून तिचं एकच, "अजी, मी तुमच्या गाडीत बसत नाही."

"काहून वं?"

"हाडं खिळखिळी होतात."

एवढं म्हणून मेथी निवडत बसते. म्हणजे दोष गाडीचा. चाकाचे दणके झेलणारे शॉकप गेले, स्प्रिंगा बसल्या. रस्ते तर असे की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. जिथं जावं तिथं खड्डा थेट चाकाखाली येतो, जसा काही आपलीच वाट पाहत बसला होता.

धनू म्हणाली, "मी नेते ना आईंना रविवारी." नको म्हटलं. पोरगी गावातल्या गावात मुंगीच्या चालीनं गाडी चालवते, तिनं हायवेवर ट्रकांत घुसायचं? शिवाय गाडी माझी, बायको माझी, मेहुणी माझी. मी धडधाकट बसलो असताना सुनेनं न्यायचं?

नवे शॉकप आणि स्प्रिंगा मी घरीच टाकणार. गॅरेजवाल्यांचा वीट आला आहे. माग स्वतः दुरुस्त केला, मिक्सर केला, पंखा केला, गाडी चालवायला बावन्नाव्या वर्षी आपली आपण शिकलो. हे काय मोठं?

रुख्मा म्हणाली, "करा. पण लवकर करा. बाई वाट पाहून राहिली."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्पेअर पार्टच्या गल्लीत जाऊन आलो. धनूनं बँकेत जाता जाता सोडलं. नवल म्हणजे गाडी एकदाही आपटली नाही. सकाळी रस्ता थंड असतो, रबर ताठ राहते, त्यानं असेल. शिवाय पोरीचं वजन ते किती.

दुकानदार पन्नाशीचा, कानात ती बोंडं घातलेली. तीनदा बोललो तेव्हा एक बोंड काढलं.

"काका, साधे पाहिजे का हेवी?"

"बायकोच्या कंबरेसाठी पाहिजे."

दुकानातले सगळे हसले. किळस येते अशा हसण्याची. ज्याच्या घरी कुणी कण्हत नाही त्यानंच असं हसावं.

"मंग हेवीच घेऊन जा. कंपनीच्या मालाचा बाप आहे हा. दणका म्हणून बसणार नाही." मग शॉकप पुढे ठेवून म्हणाला, "पिवळा ठिपका डावीकडे, पांढरा ठिपका उजवीकडे. उलटं नोका करू बरं."

रिक्षानं घरी आणलं आणि उन्हात धरून पाहिलं. दोन्ही ठिपके एकाच रंगाचे! मळकट, तुपासारखे. म्हणजे आता ठिपका लावण्यातही चोरी. हल्लीच्या मालाचं असंच. आमच्या वेळी रंगारी सुतात एक छटा चुकला तर आम्ही लड त्याच्या अंगावर फेकायचो.

जाऊ द्या. विणकराचे डोळे बोटात असतात. हात लावून कळेल कोणता कुठला.

रविवार, १६ नोव्हेंबर

काम सुरू केलं. लहानू आला. लहानू माझा शेजारी, पॉवरलूमवर फिटर होता. आता त्याला दम आहे म्हणून खुर्ची टाकून बसतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो.

"आधी घोडी लाव गा. जॅकच्या भरवशावर खाली घुसशील तं तिकडूनच वर जाशील."

घोडी म्हणजे गाडीखाली द्यायचे लोखंडी पाय. त्याच्याच घरून आणले. चाक काढलं आणि आत जे दिसलं त्याची किळस आली. स्प्रिंगच्या वरच्या वाटीत उंदरानं घर केलेलं. धनूची हरवलेली ओढणी, सोयाबीनची टरफलं, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा आणि मधोमध एक उंदीर, मेलेला, चपटा, पापडासारखा. चाकाच्या कमानीला आतून खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या. चाक फिरत असताना तिथं थुंकायचं म्हणजे नेम पाहा लोकांचा! या शहरात माणसं देवळाच्या पायरीवर चप्पल काढतात आणि दुसऱ्याच्या गाडीवर तोंड रिकामं करतात.

मी काठीनं उपसत होतो, लहानू नाकाला रुमाल लावून हसत होता.

"ईश्वरभाऊ, उंदराचं घर मोडलं. पाप लागते बरं."

"तुले दया येत असन तं घेऊन जा तुझ्या घरी."

"माझ्या घरी आहेत. ते हिंडते तरी."

मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस पांढरे हातमोजे घालून सात मिनिटांत शॉकप काढतो. त्याच्या गाडीला गंज नाही, चिखल नाही, उंदीर नाही. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवावा? माझा एक बोल्टही ढिला झाला नाही. रॉकेल टाकून ठेवलं.

दुपारी कुहीचा फोन आला. धनू म्हणाली, "बाबा, आजचाच दिवस होता, मी नेलं असतं." मी म्हटलं, "गाडीचं एक चाक काढलेलं आहे, दिसत नाही का?" ती आत गेली. रुख्मा फोनवर बहिणीला सांगत होती, "येतो बाई, येतो. गाडीचं काम चालू आहे."

सोमवार, १७ नोव्हेंबर

बोल्ट निघाला नाही. पाना निसटून बोटाचं साल निघालं. सगळ्याची शिसारी आली आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बोल्ट निघाले. दोन्हीकडचे जुने शॉकप बाहेर आले, तेल गळून काळेकुट्ट, हाताला तीन साबण लावले तरी वास जात नाही.

पण आज जे केलं त्याची लाज लिहून ठेवतो. नवी स्प्रिंग दाबून लहान केल्याशिवाय शॉकपवर बसत नाही. त्यासाठी एक शिकंजा मिळतो. लहानू म्हणाला, "इतवारीत भाड्यानं भेटते, उद्या आणू." पण मला दम कुठला. मागाचा ताण द्यायचा जुना सुती दोर माळ्यावर होता. तोच स्प्रिंगला चार वेढे घातला, मधे दांडकं घातलं आणि पीळ देत गेलो. जन्मभर ताणा असाच आवळला. सहाशे सहाशे धागे त्या दोरानं धरून ठेवले होते, एक स्प्रिंग धरणार नाही?

नवव्या पिळाला दोर तुटला.

स्प्रिंग उडाली ती पाण्याच्या निळ्या ड्रमात घुसली. ड्रम फाटला, अंगणभर पाणी. दांडकं मनगटावर बसलं, सुजलं आहे. रुख्मा दारात उभी होती. भिंतीला धरून तशीच खाली बसली, त्या कंबरेनं.

"बाई तिकडे खाटेवर आणि तुम्ही इकडे मरा," एवढंच म्हणाली. "मंग मी कोणाकोणाले पाहू?"

लहानू तोंड फिरवून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, अन् आता तं अंगण ओलं बी आहे." मला हसू आलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शिकंजा आणला. दोन बाजूंनी सारखे पेच आवळत गेलं की स्प्रिंग मांजरीसारखी गप्प बसते. जे तीन दिवस आधी करायचं ते आज केलं.

दोन्ही शॉकप बसवले. डोळ्यांनी कमी, बोटांनीच जास्त. चाकाच्या कमानीत अंधार, घामानं चष्मा धूसर होतो, मग पाहायचं कशाला? तुटलेला धागा मी डोळे मिटून शोधत असे. मालक लोक मुद्दाम पाहुण्यांना दाखवायला आणत. शॉकपवर एक छोटा कान असतो, त्यात ब्रेकची नळी अडकवायची. कान थोडा वेगळ्याच दिशेला लागला, पण नळी ओढून घेतली आणि बसली. लहानूनं विचारलं, "ठिपके पाह्यले का गा?"

"दोन्ही सारखेच आहेत."

"दुकानदार तं म्हणे होता..."

"दुकानदाराचं सोड. हातच्या काकणाले आरसा लागते का?"

धनू बँकेतून आली. "बाबा, मी एकदा बॅटरीनं बघू का?" नको म्हटलं. सगळ्या घराला माझ्या कामात डोकं घालायचं आहे. सगळे बोल्ट गाडी वर टांगलेली असतानाच जीव लावून आवळले. उद्या एक फेरी मारतो, मग रुख्माला कुही.

रविवार, २३ नोव्हेंबर

एकटाच फेरी मारून आलो. काय सांगू. गाडी पहिल्यापेक्षा वाईट. वळताना खालून चरख्यासारखं कुरकुरते आणि दणका थेट टाळूत. हेवी म्हणे! दुकानदाराच्या त्या हेवीला आग लागो.

वरून एक प्रकार घडला. कमाल चौकाच्या अलीकडे रस्ता खोदलेला, तिथं कुणीतरी सिमेंटचा ठोकळा रस्त्यात ठेवून दिलेला. डावं चाक त्यावर चढलं आणि आपटलं. शेजारचा शेंगदाणे विकणारा फल्लीवाला हातगाडी सोडून धावत आला.

"काका, लाल झेंडी लावून आहे ना! एवढी मोठी!"

"उन्हानं उडालेली झेंडी कोणाले दिसते?"

"कालच लावली जी."

लोक खोटं बोलतात. स्वतःच्या डोळ्यांदेखत खोटं बोलतात. संध्याकाळचं ऊन समोरून होतं, प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती कापसाचा गोळा. अशा वेळी झेंडी लावून उपयोग काय, माणूस उभा करायला पाहिजे.

घरी सांगितलं नाही. शामलाबाई आज दिवसभरात फक्त चहा प्याली, असा फोन होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आजचं लिहायला हात उठत नाही, पण वही चिडचिडीसाठीच आहे.

सकाळी रुख्माला म्हटलं, "चल, गुरुवारी निघू. स्प्रिंगा नव्या आहेत, थोड्या मुरल्या की नरम होतील." ती काठी टेकत अंगणात आली. धनूला चटई आणायला सांगितली आणि चाकाजवळ आडवी झाली. मी हा हा म्हणेपर्यंत तिनं मान आत घातली होती.

"स्टेरिंग फिरवा."

फिरवलं.

"थांबा. ही काळी नळी कायले ताणली हो?"

"कोणती?"

"अजी, ही. चाक फिरवलं की वीणेच्या तारेवाणी होते. अन् टायरले घासून राहिली. पाहा, इथं पांढरी झाली."

मी उतरून बोट लावलं. खरंच ताठ. धनू वाकली आणि तिचा आवाज बदलला. "बाबा, ही ब्रेकची नळी आहे. ही फाटली तर ब्रेकच लागणार नाही. तुम्ही परवा ह्याच्यावर फिरून आलात?"

मी म्हटलं, कान त्या दिशेलाच लागतो, मालच तसा आहे. धनूनं बॅटरी मारली. "आई, डावीकडे पांढरा ठिपका आहे."

"अन् उजवीकडे पिवळा," रुख्मा चटईवरून म्हणाली. "इथून दिसून राहिला, हळदीवाणी पिवळा."

मी दोन्हीकडे पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मला दोन्ही तुपाच्या रंगाचे.

मग रुख्मानं पदर हलवला. "माह्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा."

"पिवळा आहे. तुम्हीच विणला होता."

चाळीस वर्षं ज्या माणसानं काठाला पिवळा आणि पांढरा शेजारी शेजारी धरून विणला त्याला ती हे विचारत होती. आणि तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तिला आधीपासूनच माहीत होतं. धनूलाही माहीत होतं. लहानू कुंपणापलीकडे उभा होता, तो पायाकडे पाहत होता. म्हणजे त्यालाही.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"उमरेडले गेलो तेव्हा मी खड्डे मोजून राहिली होती," रुख्मा म्हणाली. "मले लांबूनच दिसे. तुम्ही सरळ त्यातच जाऊन राहिले. मी दर खड्ड्याले श्वास कोंडून कंबर आवळून धरली. जाताना अन् येताना. त्यानंच दुखली ती."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"माग विकला त्या वर्षी तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसले होते. आठ दिवस भाकरीले हात लावला नाही. आता गाडी बी गेली तं?"

मला स्वतःची किळस आली. उंदराची आली होती त्याहून जास्त. मी गाडीला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, दुकानदाराला चोर म्हटलं, फल्लीवाल्याला खोटारडा म्हटलं, आणि ती बिचारी मागच्या सीटवर माझ्यासाठी खड्डे मोजत होती.

तिला उठवायला हात दिला. तेवढंच केलं. जेवलो मात्र, कारण ती समोर बसून पाहत होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काल डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा जास्त पिकलेला. म्हणाल्या, "आजोबा, गाडी चालवत नाही ना?" धनूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही." आता ते खरं आहे.

आज धनूनं सुटी टाकली. शॉकप दोन्ही काढून बाजू बदलल्या. ती बॅटरी धरून डोळे झाली, मी हात झालो, लहानू खुर्चीवर बसून तोंड झाला. पिवळा डावीकडे, पांढरा उजवीकडे. कान बरोबर मागं आला, नळी सैल, झोपलेल्या सापासारखी. घासलेली नळी फेकून दिली. नवी बसवायला आणि ब्रेकमधली हवा काढायला मात्र गॅरेजचा माणूस घरी बोलावला. ते काम माझ्या हातानं व्हायला नको, असं मीच म्हटलं. लहानू खुर्चीवरून पडता पडता राहिला.

त्या माणसानं खाली वाकून विचारलं, "हे खालचे बोल्ट कोणी आवळले? गाडी टांगून आवळले का?"

"हव."

"काकाजी, चाकं जमिनीवर टेकू द्या, गाडीचा भार येऊ द्या, मग आवळा. टांगून आवळलं की आतलं रबर पिळून बसते. त्यानंच कुरकुरून राहिली."

हे मला सांगायला लागावं! ताण आल्याशिवाय मागाची खुंटी ठोकू नये हे मी पोरांना शिकवायचो. बोल्ट ढिले केले, गाडी खाली सोडली, धनू आणि लहानू दोघांना आत बसवलं आणि मग आवळले. कुरकुर थांबली.

रविवारी धनू चालवणार. मीच म्हटलं. रुख्मानं लगेच मला अंकुशला फोन लावायला सांगितला.

रविवार, ३० नोव्हेंबर

कुहीला जाऊन आलो. धनू पुढे, मी आणि रुख्मा मागं. रुख्मानं माझा हात धरला होता. पाचगावनंतर पकड ढिली झाली, मग हात सुटला. पाहतो तर ती झोपलेली. गाडी एकदाही आपटली नाही. स्प्रिंगा चांगल्या निघाल्या, हे मात्र मान्य करावं लागेल. धनूला तसं म्हटलं तर ती आरशातून पाहून हसली आणि म्हणाली, "हो बाबा, स्प्रिंगाच."

शामलाबाई खाटेवर एवढीशी. चादरीखाली माणूस आहे असं वाटेना. रुख्मा काठी टाकून जवळ बसली, "बाई, मी आली. रुख्मी आली." बाईनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. ओठ हलले नाहीत.

अंकुशनं मला ओसरीवर घेतलं. "मावसाजी, शुक्रवारी सकाळपर्यंत बोलून राहिली होती. रुख्मी आली का, रुख्मी आली का. शुक्रवारी दुपारपासून बोलणं गेलं. डॉक्टर म्हणते, ऐकू येत असन कदाचित."

सोळा तारखेचा रविवार होता, धनू तयार होती. तेव्हा मी काठीनं उंदीर उपसत होतो. तेवीसचा रविवार होता, तेव्हा मी लाल झेंडीशी भांडत होतो. दोन रविवार मी खाल्ले. गाडी मी नेईन या एका वाक्यापायी एक म्हातारी बाई चौदा दिवस दाराकडे पाहत राहिली.

रुख्मा म्हणाली, "मी इथंच राहतो." तिची औषधं, उशी, दोन लुगडी अंकुशच्या बायकोकडे दिली. परत येताना मागच्या सीटवर मी एकटा. धनूनं विचारलं, "बाबा, पुढे येऊन बसता का?" नाही म्हटलं. तिथं बसून रुख्माला कसं वाटत असेल ते मला पाहायचं होतं. प्रत्येक खड्ड्याआधी मी डोळे फाडून पाहत होतो. मला एकही आधी दिसला नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

रुख्मा, फोनवर तू सगळ्यांसमोर नुसतं "हव, हव" म्हणतेस आणि मी नुसती तब्येत विचारत राहतो, म्हणून हे इथं लिहून पान फाडून धनूजवळ देतो. ती तुझं कंबरेचं तेल घेऊन रविवारी येते आहे.

सोमवारी उजवा डोळा आहे. वीस मिनिटांचं काम म्हणतात. लहानू सोबत येणार, म्हणून त्यानं आजपासून बिडी बंद केली आहे. खोटं बोलतो. गाडीच्या दोन्ही किल्ल्या मी धनूला दिल्या. एक ठेव म्हणत होती, ठेवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसलो नाही, तू काळजी करू नकोस. भाकरी खातो. भाजी धनूच्या हातची जरा फिकी असते, पण तिला सांगितलं नाही.

तू मला एकदाही म्हटलं नाहीस की तुमच्यामुळे उशीर झाला. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तुझं न रागावणं फार जड जाते मला, नव्या स्प्रिंगापेक्षा जड.

बाईला ऐकू येत असेल असं अंकुश म्हणाला. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांग, उशीर रुख्मीनं केला नाही, ईश्वरदासनं केला. मोठ्यानं सांग, घरातल्यांनी ऐकलं तरी चालेल. त्यावर तिचे ओठ हलले, बोट हललं, शिवी निघाली, काहीही झालं तर जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरव. दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. धनू रविवारी संध्याकाळी परत निघते, तिच्याच हाती दे. सोमवारी डोळ्यावर पट्टी बसायच्या आधी मला ते वाचायचं आहे.